एकाच पुस्तकातून दोन राष्ट्रं
दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती धर्म आणि राष्ट्रवाद



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपण आपल्या चळवळीचा इतिहास वाचतो. तो वाचलाच पाहिजे. पण बाबासाहेबांनी आपल्याला फक्त आपलाच इतिहास वाचायला शिकवलं नाही. रोमचे गुलाम, आयर्लंडचा लढा, अमेरिकेतले काळे लोक, या सगळ्यांचे दाखले त्यांच्या लिखाणात जागोजागी सापडतात. दुसऱ्याच्या घरात काय घडलं हे समजलं की आपल्या घरातलं जास्त स्पष्ट दिसतं. म्हणून यंदा मी जरा लांबचा विषय घेतला आहे. मी काही प्राध्यापक नाही. गिरणीच्या पाळ्या सांभाळून, वाचनालयातून पुस्तकं आणून जे वाचलं, जे समजलं, तेवढंच आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे: धर्म राष्ट्र घडवतो, की राष्ट्र धर्माला आपल्या सोयीप्रमाणे घडवून घेतं?

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात दोन्ही गोष्टी घडलेल्या दिसतात. सुरुवातीची तीनशे वर्षं हा धर्म रोमन साम्राज्यात सत्तेबाहेरच्या लोकांचा होता. त्यात गुलाम होते, कारागीर होते, गोरगरीब होते. इ. स. 313 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात त्याला मोकळीक मिळाली आणि 380 मध्ये सम्राट थिओडोशियसने त्याला राजधर्म केलं. तेव्हापासून सत्ता आणि चर्च यांची सोयरीक जमली. पुढे मार्टिन ल्यूथरचं जर्मन बायबल 1534 साली पूर्ण छापून निघालं, त्यातून जर्मन भाषेला आकार आला. त्याच 1534 साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने पोपला बाजूला सारून स्वतःलाच चर्चचा प्रमुख करून घेतलं. देश तसं चर्च आणि चर्च तसा देश, असं होत गेलं.

पण हा सगळा खेळ अगदी उघड्यावर कुठे पाहायला मिळत असेल तर तो दक्षिण आफ्रिकेत. तिथे एकाच धर्माच्या, एकाच बायबलच्या आधाराने दोन राष्ट्रं उभी राहिली. एक गोऱ्यांपुरतं, दुसरं सर्वांचं. त्यांची झुंज साडेतीनशे वर्षं चालली. तीच हकीगत इथे सांगायची आहे.

धर्म दिला तर हक्क द्यावा लागेल!

6 एप्रिल 1652 रोजी डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान व्हान रिबेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला उतरला. हिंदुस्थान आणि जावा-सुमात्राकडे जाणाऱ्या जहाजांना ताजी भाजी, मांस, पाणी मिळावं म्हणून कंपनीने तिथे ठाणं बसवलं. सोबत हॉलंडचं रिफॉर्म्ड चर्च आलं. पुढे 1688 च्या सुमारास फ्रान्समधून छळ होऊन पळालेले प्रॉटेस्टंट, ज्यांना ह्यूगनॉट म्हणत, तेही येऊन मिळाले. या गोऱ्या शेतकऱ्यांना पुढे बोअर म्हणू लागले. डच भाषेत बोअर म्हणजे शेतकरीच.

तिथे आधीपासून राहणाऱ्या खोइखोई लोकांच्या जमिनी गेल्या. 1658 पासून जहाजं भरभरून गुलाम आणले गेले. अंगोला, मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशिया इथले आणि बंगाल, मलबार, कोरोमांडल या आपल्या किनाऱ्यांवरचेसुद्धा.

आता इथे एक अडचण आली. हॉलंडमध्ये डॉर्ट या गावी 1618-19 साली या चर्चची महासभा भरली होती. तिथे असं मत पडलं होतं की, बाप्तिस्मा घेतलेल्या गुलामाला इतर ख्रिस्ती माणसासारखी मोकळीक असावी, त्याची विक्री करू नये. म्हणजे गुलामाला धर्म दिला की तो माणूस म्हणून उभा राहणार! मग मालकांनी काय करावं? त्यांनी गुलामाला बाप्तिस्मा देणंच टाळलं. धर्म द्यायचाच नाही, म्हणजे हक्काचा प्रश्नच उरत नाही. वेद ऐकला तर कानात शिसं ओता म्हणणाऱ्यांच्या देशातल्या माणसाला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

1737 साली गेऑर्ग श्मिट नावाचा मोरेव्हियन पंथाचा एक साधा मिशनरी तिथे आला. त्याने खोइखोई लोकांना लिहायला-वाचायला शिकवलं आणि 1742 मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांना बाप्तिस्मा दिला. केपच्या पाळकांनी गदारोळ केला. त्याला बाप्तिस्मा देण्याचा अधिकारच नाही, असं कारण पुढे केलं. अखेर 1744 मध्ये श्मिट परत गेला. 1792 मध्ये त्याच पंथाचे मिशनरी पुन्हा आले तेव्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी एक बाई जिवंत होती. म्हातारी झाली होती. श्मिटने दिलेलं नव्या कराराचं पुस्तक तिने 48 वर्षं जपून ठेवलं होतं! पाळक म्हणत होते हे पुस्तक हिच्यासाठी नाही. तिने ते आपलं मानलं. दक्षिण आफ्रिकेचा पुढचा सारा झगडा या एका गोष्टीत आहे, असं मला वाटतं.

त्या काळात केपमध्ये 'ख्रिस्ती' या शब्दाचा अर्थच हळूहळू 'गोरा' असा झाला. धर्माचं नाव जातीचं नाव बनलं.

बैलगाड्या आणि वचन

1806 पासून केप इंग्रजांच्या ताब्यात पक्कं गेलं. 1834 मध्ये इंग्रजांनी गुलामगिरी कायद्याने बंद केली. बोअर शेतकरी चिडले. हजारो कुटुंबं बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघाली. याला ग्रेट ट्रेक म्हणतात, म्हणजे महाप्रस्थान. त्यांचा पुढारी पीट रेटीफ याच्या पुतणीने पुढे कारण लिहून ठेवलं आहे. तिच्या सांगण्याचा मतलब असा की, गुलाम मोकळे झाले याचं दुःख एवढं नव्हतं. त्यांना ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीला बसवलं हे देवाच्या नियमाविरुद्ध होतं, आणि ते सोसण्यापेक्षा आम्ही निघून गेलो.

जाताना त्यांनी बायबलमधली इस्राएल लोकांची गोष्ट सोबत नेली. मिसर देशातल्या फारो राजाच्या गुलामीतून देवाने इस्राएलला सोडवलं आणि वचन दिलेल्या भूमीत नेलं, अशी ती गोष्ट आहे. बोअरांनी ती स्वतःला लावली. इंग्रज म्हणजे फारो. आम्ही म्हणजे देवाची निवडलेली प्रजा. आणि वाटेत भेटणारे काळे लोक म्हणजे ती भूमी अडवून बसलेले कनानी! गुलाम सुटल्याच्या रागाने निघालेल्या मालकांनी गुलामांच्या सुटकेची गोष्ट आपल्या नावावर चढवून घेतली.

फेब्रुवारी 1838 मध्ये झुलूंचा राजा डिंगान याने रेटीफ आणि त्याच्या सोबत्यांना ठार मारलं. 16 डिसेंबर 1838 रोजी आंद्रिस प्रिटोरियसच्या हाताखालचे सुमारे 470 बोअर आणि हजारो झुलू यांची गाठ पडली. लढाईआधी बोअरांनी देवाला वचन दिलं होतं की, विजय मिळाला तर हा दिवस कायम पाळू. गाड्यांचं रिंगण, बंदुका आणि तोफा यांच्यापुढे भाले चालले नाहीत. तीन हजारांच्या आसपास झुलू पडले. नदीचं पाणी लाल झालं म्हणून नाव पडलं ब्लड रिव्हर, रक्तनदी.

आता एक बारकाई ध्यानात घ्या. ट्रेकला केपच्या अधिकृत चर्चचा पाठिंबा नव्हता. आणि ते वचनही पहिली काही दशकं फारसं कुणी पाळत नव्हतं. पुढे इंग्रजांशी झगडा वाढला, 1880 मध्ये ट्रान्सवालच्या बोअरांनी बंड केलं, तेव्हा त्या वचनाची आठवण जागी झाली. मग 16 डिसेंबर राष्ट्राचा पवित्र दिवस झाला. याचा अर्थ, राष्ट्राला गरज पडली तेव्हा त्याने आपला जुना चमत्कार शोधून काढला.

भाषेचंही तसंच. केपच्या घराघरांत डच भाषेचं एक वेगळं रूप तयार झालं होतं. ते घडवण्यात गुलाम आणि खोइखोई यांचा मोठा हात होता. केपच्या मुसलमानांनी तर ही भाषा अरबी लिपीत लिहिली. शिष्ट लोक तिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवत. 1875 साली पार्ल गावात एस. जे. डु टॉइट नावाच्या पाळकाने आणि त्याच्या मित्रांनी याच भाषेसाठी संस्था काढली, पुढच्या वर्षी वर्तमानपत्र काढलं. 1925 मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली, 1933 मध्ये संपूर्ण बायबल तिच्यात आलं. भाषेला बायबल मिळालं आणि आफ्रिकानर म्हणवणाऱ्यांना राष्ट्र मिळालं. पण ज्या गुलामांनी ती भाषा घडवली, त्यांना त्या राष्ट्रात जागा नव्हती.

एक पेला की दोन पेले?

आता मूळ मुद्द्यावर येतो. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन नावाचा विधी असतो. एकाच भाकरीचा तुकडा आणि एकाच पेल्यातला द्राक्षारस सगळे घेतात. आपण सगळे एक शरीर आहोत, असा त्याचा अर्थ.

1829 मध्ये केपच्या डच चर्चमध्ये प्रश्न निघाला. काही गोऱ्यांना काळ्या-सावळ्या माणसाबरोबर प्रभुभोजन घ्यायचं नव्हतं. तेव्हा चर्चने स्वच्छ निर्णय दिला: देवाच्या वचनाप्रमाणे प्रभुभोजन सर्वांना सारखं, यात रंग पाहता येणार नाही. इथवर ठीक होतं!

पण कुरकुर थांबली नाही. 1857 मध्ये पुन्हा महासभा बसली. या वेळी ठराव असा झाला की, सर्वांनी एकत्र असणं हेच शास्त्राला धरून आहे, तरीपण काही जणांच्या दुर्बलतेमुळे अडथळा येत असेल, तर काळ्यांची उपासना वेगळ्या जागी घ्यायला हरकत नाही. पाहा, तत्त्व कुणी मोडलं नाही. तत्त्व जागेवर ठेवून बाजूला एक फट ठेवली. दुर्बलता कुणाची, तर गोऱ्यांची. आणि बाहेर कुणी जायचं, तर काळ्यांनी!

त्या फटीतून पुढे अख्खी भिंत उभी राहिली. 1881 मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं मिशन चर्च निघालं. नंतर काळ्यांसाठी वेगळं. 1968 मध्ये तिथल्या हिंदी लोकांसाठी आणखी एक वेगळं. एक धर्म, एक पंथ, एकच बायबल, आणि चर्चं मात्र चार!

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसाला साचेखात्यात घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न मांडला होता. प्रभुभोजनाचा पेला आणि गिरणीतला धोटा, दोन्हीकडे अडलं ते ओठांपाशीच. आपल्याकडच्या चर्चमध्येही हे शिरलं होतं. दक्षिणेकडच्या काही चर्चमध्ये अस्पृश्य ख्रिस्त्यांची बसायची जागा वेगळी होती. धर्म बदलला तरी जात कशी टिकून राहते, याची चिकित्सा बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्मांतरितांवरच्या लिखाणात केली आहे.

ब्लूमफाँटेन, 1913

1899 ते 1902 असं बोअर युद्ध झालं. इंग्रजांनी शेतं जाळली, बायकामुलं छावण्यांत कोंडली. सुमारे 26 हजार बोअर बायकामुलं उपासमारीने आणि साथीने मेली. हा अन्याय खरा होता, भयंकर होता. तो नाकारून चालणार नाही. पण काळ्यांच्या वेगळ्या छावण्याही होत्या. तिथे किमान 14 हजार माणसं मेली. त्यांची नोंदसुद्धा धड ठेवली नाही.

ब्लूमफाँटेन शहरात बोअर बायकामुलांचं मोठं स्मारक उभं राहिलं. उद्घाटन 16 डिसेंबर 1913 ला. काळ्या मृतांचं त्यात नाव नव्हतं. आणि त्याच 1913 साली जमिनीचा कायदा झाला. देशाची सुमारे 7 टक्के जमीन काळ्यांना ठेवली, बाकीची त्यांना विकत घ्यायलाही बंदी. 1936 मध्ये हा आकडा 13 टक्क्यांच्या आसपास नेला. स्वतःच्या दुःखाचं मंदिर बांधायचं आणि त्याच वर्षी दुसऱ्याची भाकरी काढून घ्यायची! ज्या समाजाने मार खाल्ला तो आपोआप न्यायी होत नाही, हे आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवायला पाहिजे.

गोऱ्या कामगाराची काय कथा? 1922 मध्ये जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणीत गोऱ्या कामगारांचा मोठा संप झाला. त्यांच्या फलकावर घोषणा होती, जगातल्या कामगारांनो, गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा आणि एक व्हा! लाल बावट्याखाली उभा राहिलेला माणूससुद्धा आधी गोरा राहिला आणि मग कामगार झाला. सरकारने तो संप विमानांतून बॉम्ब टाकून मोडला, हा भाग वेगळा.

पाळकाचा पंतप्रधान झाला

1918 मध्ये ब्रूडरबाँड, म्हणजे बंधुसंघ, नावाची आफ्रिकानर पुरुषांची संघटना निघाली. पुढे ती गुप्तपणे काम करू लागली. पाळक, मास्तर, पुढारी, सगळे तिच्यात. 1938 मध्ये ट्रेकची शताब्दी आली. देशभरातून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गावोगाव लोक जुन्या पद्धतीचे कपडे घालून रडत, गात सामील झाले. त्यांत शहरात मजुरी करणारे कंगाल गोरेही होते. त्यांना पोटभर अन्न मिळालं नाही, पण आपण देवाची प्रजा आहोत हा अभिमान मिळाला.

दहा वर्षांनी, 1948 मध्ये, नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पंतप्रधान झाले डॉ. डी. एफ. मलान. हे मूळचे डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक. मग अपार्थाइडचे, म्हणजे वर्णभेदाचे कायदे एकामागून एक आले. 1949 मध्ये मिश्रविवाहबंदी. 1950 मध्ये प्रत्येकाची वंशाप्रमाणे नोंद आणि राहायच्या वस्त्याही वेगळ्या. 1953 मध्ये शाळा वेगळ्या, बाकं वेगळी, दरवाजे वेगळे. मिश्रविवाहबंदीची मागणी तर चर्चनेच सरकारकडे लावून धरली होती.

याला शास्त्राधार पाहिजे होता. तो दिला जे. डी. डु टॉइट यांनी. ज्या पाळकाने आफ्रिकान्स भाषेची चळवळ सुरू केली त्याचे हे चिरंजीव. कवी, धर्मपंडित, बायबलचे भाषांतरकार. टोटियस या नावाने लिहीत. 1944 मध्ये ब्लूमफाँटेनच्या परिषदेत त्यांनी मांडलं की, बायबलचा देव हा वेगळं करणारा देव आहे. त्याने उजेड अंधारापासून वेगळा केला, बाबेलच्या बुरुजापाशी लोकांच्या भाषा वेगळ्या केल्या. म्हणून देवाने जे वेगळं केलं ते माणसाने एकत्र करू नये.

झालं! पुरुषसूक्तात जसे तोंडापासून, बाहूपासून, पायापासून वर्ण निघाले, तसं इथे बाबेलपासून वंश निघाले. अन्यायाला देवाची सही मिळाली की तो कायदा राहत नाही, तो श्रद्धा होतो. आणि श्रद्धेवर घाव घालायला मोठी छाती लागते. जातिव्यवस्थेच्या मुळाशी शास्त्रांचं पावित्र्य आहे, ते काढल्याशिवाय जात जाणार नाही, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये सांगितलं ते याचसाठी.

काळ्यांनी तेच पुस्तक उघडलं

पण गोष्ट इथे संपत नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनीही ते पुस्तक वाचायला घेतलं होतं.

1892 मध्ये प्रिटोरियात मंगेना मोकोने या काळ्या मेथॉडिस्ट पाळकाने गोऱ्यांच्या हाताखालचं मिशन सोडलं. पाळक होऊनही बैठका वेगळ्या, मान वेगळा, ही त्याची तक्रार होती. म्हणजे इंग्रज मिशनही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. त्याने इथिओपियन चर्च काढलं. बायबलमधल्या 68 व्या स्तोत्रात इथिओपिया देवाकडे हात पसरील असा उल्लेख आहे, त्यावरून हे नाव. आफ्रिकेचं नाव खुद्द बायबलात आहे, मग आम्ही परके कसे, असा त्याचा रोख होता.

1897 मध्ये एनोक सोंटोंगा या मिशन शाळेच्या मास्तराने 'न्कोसी सिकेलेल इ आफ्रिका' हे प्रार्थनागीत रचलं. आफ्रिकेला देवाचा आशीर्वाद असो, असा त्याचा भाव. एका जमातीला नव्हे, साऱ्या आफ्रिकेला! 8 जानेवारी 1912 रोजी ब्लूमफाँटेन इथेच, होय, त्याच शहरात, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची स्थापना झाली. पहिले अध्यक्ष जॉन डुबे हे पाळक होते. पुढचे एक अध्यक्ष अल्बर्ट लुथुली चर्चमध्ये प्रवचन करणारे. त्यांना 1960 चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. झोसा, झुलू, सोथो, त्स्वाना अशा निरनिराळ्या लोकांना एका राष्ट्राची भाषा बोलायला मिशनच्या शाळांनी आणि प्रार्थनागीतांनी शिकवलं.

स्वतःला इस्राएल म्हणवून घेणारे काळे लोकही होते. एनोक म्गिजिमा याचे अनुयायी बुलहूक या जागी जमून राहिले होते. जागा सोडायला तयार होईनात. 24 मे 1921 रोजी पोलिसांनी गोळ्या घालून दीडशेहून अधिक माणसं मारली. इस्राएल होण्याचा हक्कसुद्धा गोऱ्यांपुरता राखीव होता!

चर्चच्या आतला लढा

21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल इथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन 69 माणसं ठार झाली. जग हादरलं. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या कॉटस्लो इथे जागतिक चर्च परिषदेने बैठक घेतली. तिथे डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही मान्य केलं की, रंगावरून कुणाला चर्चबाहेर ठेवता येत नाही आणि मिश्रविवाहाला बायबलची आडकाठी नाही. पंतप्रधान फेरवूर्ड संतापले. लगेच चर्चच्या महासभांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडलं आणि 1961 मध्ये जागतिक परिषद सोडली. राष्ट्र आणि धर्मग्रंथ समोरासमोर आले तेव्हा चर्चने राष्ट्र निवडलं.

एकाने मात्र तसं केलं नाही. त्यांचं नाव बेयर्स नॉडे. जन्म 1915. नाव ठेवलेलं एका बोअर सेनापतीवरून. वडील पाळक, ब्रूडरबाँडच्या संस्थापकांपैकी. स्वतःही पाळक, ब्रूडरबाँडचे सभासद, चर्चमध्ये मोठ्या पदावर. कॉटस्लोनंतर ते मागे हटले नाहीत. 1963 मध्ये त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्त्यांसाठी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली. चर्चने सांगितलं, एक तर हे सोडा नाहीतर व्यासपीठ सोडा. त्यांनी व्यासपीठ सोडलं. माणसांपेक्षा देवाचं ऐकलं पाहिजे, असं मंडळीला सांगून निघाले. नातलग तुटले, स्नेही तुटले. 1977 मध्ये सरकारने सात वर्षांसाठी त्यांच्यावर निर्बंध घातले. मोठ्या घरात जन्मून ते घर सोडणारा माणूस विरळा असतो. अशांची कदर आपण केली पाहिजे.

काळ्या तरुणांनी वेगळी वाट घेतली. स्टीव्ह बिको आणि त्याचे सोबती म्हणाले, आधी आपल्या मनातली गुलामी घालवा. 16 जून 1976 रोजी सोवेटोची शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि गोळ्यांना बळी पडली. 12 सप्टेंबर 1977 ला बिको पोलीस कोठडीतल्या मारहाणीने मेला.

मग 1982 साल उजाडलं. ऑटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चच्या संघटनेने जाहीर केलं की, वर्णभेदाला धर्माचा आधार देणं हे पाखंड आहे. गोऱ्यांच्या डच चर्चचं सभासदत्व तहकूब केलं आणि मिश्रवर्णीय पाळक अ‍ॅलन बुसाक यांना अध्यक्ष निवडलं. त्याच वर्षी केपटाउनजवळच्या बेलहार या मिश्रवर्णीयांच्या वस्तीत मिशन चर्चची महासभा भरली. म्हणजे 1881 मध्ये ज्यांना वेगळं बसवलं, त्यांची. त्यांनी नवं विश्वासपत्र लिहिलं. त्याचं सार असं: चर्च एक आहे, देव माणसं जोडतो, आणि तो नाडलेल्यांच्या बाजूने उभा असतो. 1986 मध्ये ते कायम झालं. टोटियसच्या वेगळं करणाऱ्या देवाला हे उत्तर होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांना दाराबाहेर काढलं, त्यांनीच घराला घराचे नियम शिकवले!

1984 मध्ये डेस्मंड टुटू यांना नोबेल मिळालं. 1985 च्या कैरोस निवेदनात काही धर्मपंडितांनी सरकारी धर्माला तर झोडलंच, पण न्यायाशिवाय समेट करा म्हणणाऱ्या गुळमुळीत चर्चलाही सोडलं नाही. गोऱ्यांच्या डच चर्चने 1986 मध्ये दार सर्वांना उघडलं. तेव्हा काही गोरे रागावून बाहेर पडले आणि 1987 मध्ये त्यांनी फक्त गोऱ्यांचं निराळं चर्च काढलं. नोव्हेंबर 1990 मध्ये रुस्टेनबर्गच्या परिषदेत त्या चर्चचे प्राध्यापक विली योंकर यांनी अपराधाची जाहीर कबुली दिली आणि टुटूंनी ती स्वीकारली. टुटूंच्या स्वीकारावर नाराज झालेले काळे पाळकही तिथे होते. नुसत्या कबुलीने जमीन परत मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

27 एप्रिल 1994 रोजी सर्वांनी मतदान केलं. नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. सोंटोंगाचं प्रार्थनागीत राष्ट्रगीताचा भाग झालं. 1996 च्या घटनेने कुठल्याही धर्माला राजधर्म केलं नाही. आणि 16 डिसेंबर? तो दिवस रद्द केला नाही. त्याचं नाव समेटाचा दिवस असं ठेवलं. पण चर्चचं काय? मिशन चर्च आणि काळ्यांचं चर्च 1994 मध्ये बहुतांशी एक झाले. गोऱ्यांच्या चर्चशी त्यांचं एकीकरण मात्र अजून पूर्ण झालेलं नाही. राष्ट्राचा कायदा बदलला, पण 1857 ची फट पूर्ण बुजली नाही.

यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट. कुठलाही धर्मग्रंथ आपोआप न्यायाच्या बाजूने उभा राहत नाही. इस्राएलच्या सुटकेची एकच गोष्ट, पण मालकाने ती वाचली आणि देश वाटून घेतला. गुलामाने वाचली आणि देश जोडला. वाचणारा कुठे उभा आहे यावर सारं ठरतं.

दुसरी गोष्ट. धर्माचं नाव जेव्हा नुसतं आपल्या लोकांचं नाव बनतं, तेव्हा धर्म संपायला लागतो. केपमध्ये ख्रिस्ती म्हणजे गोरा झाला, तिथेच अपार्थाइडचं बी पडलं. ही सूचना फक्त ख्रिस्त्यांना नाही. आपणही बौद्ध हा शब्द नुसता दाखल्यावर लिहायचा करून ठेवला, पोटजातीच्या सोयरिकी पाहत बसलो, तर आपल्याही घरात फट पडायला वेळ लागणार नाही.

तिसरी गोष्ट. फट छोटी असते तेव्हाच बुजवावी लागते. 1857 चा ठराव किती नम्र होता! कुणाला दुखवू नये म्हणून केलेली तडजोड होती. पण ज्याला बाहेर बसवलं त्याला कुणी विचारलं नाही.

25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील? बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता हे वरवरचे रंग ठरतील, असा त्यांचा इशारा होता. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने सांगतो. बरोबर जेवायला कुणाला बसवतो यावर आपलं राष्ट्र किती मोठं ते ठरतं. आपल्या मुलांना हा इतिहास जरूर सांगा, आणि विहारात पंगत बसेल तेव्हा बाहेर कोण उभं आहे ते एकदा पाहून घ्या.

जय भीम!